विनोदी नटाने नोकरी सोडावी का? अशोक सराफ यांच्या वाटचालीच्या आधाराने एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकला एका बँकेत नोकरी करता, वय सत्तावीस आहे, महाविद्यालयात एकांकिका आणि पुढे राज्य नाट्य स्पर्धेतली नाटके केली आहेत आणि प्रत्येक वेळी वाट्याला विनोदी भूमिकाच आली आहे. आता एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमाकडून तुम्हाला विचारणा झाली आहे. नोकरी सोडावी का, एकदा ‘विनोदी नट’ असा शिक्का बसला की चित्रपटात दुसरे काही मिळेल का, आणि अशोक सराफ यांच्यासारखी पन्नास वर्षांची कारकीर्द आजच्या काळात शक्य आहे का, हे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे नाटके बसवतो, काही मराठी चित्रपटांसाठी सहायक दिग्दर्शक म्हणून काम केले आहे, आणि नव्या नटांच्या तालमी घेणे हे आजही माझे नित्याचे काम आहे. त्या अनुभवातून हे उत्तर लिहितो आहे. तुम्ही अशोक सराफ यांचे नाव घेतलेच आहे, तर त्यांच्याच वाटचालीचा आधार घेऊ. कारण विनोदी नटाची कारकीर्द कशावर उभी राहते हे पाहण्यासाठी मराठीत त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तुम्हाला शिक्क्याची भीती वाटते आहे, पण तुमच्या लिखाणातले एक वाक्य मला त्याहून महत्त्वाचे वाटले. तुम्ही लिहिले आहे, ‘मी रंगमंचावर आलो की लोक हसायलाच लागतात, मला फारसे काही करावे लागत नाही.’ खरी अडचण इथे आहे. जे प्रेक्षक तुम्हाला ओळखतात, तुमची चाल, तुमचा आवाज, तुमच्या मागच्या वर्षीच्या एकांकिकेतली गंमत ज्यांच्या लक्षात आहे, ते तुमच्या आठवणीला हसत असतात. चित्रपटगृहातला प्रेक्षक तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर तुम्ही पहिल्यांदा उभे राहाल तेव्हा त्याला हसण्यासाठी एक माणूस आणि त्या माणसाची अडचण दिसली पाहिजे. म्हणून नोकरी आणि शिक्का या दोन्ही प्रश्नांच्या आधी मी तुम्हाला हा प्रश्न विचारीन की पुढची पाच वर्षे तुम्ही कोणासमोर उभे राहून काम करणार आहात. सहनट कोण, दिग्दर्शक कोण, लेखक कोण, यावर विनोदी नटाचे पुढचे सगळे ठरते असे माझे मत आहे, आणि ते का, हेच मला सविस्तर सांगायचे आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या घरात कमावणारे किती आहेत, डोक्यावर कर्ज आहे का, आईवडिलांची जबाबदारी कोणावर आहे, मुंबईत राहण्याची सोय आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. नोकरीबाबतच्या माझ्या सल्ल्याचा निम्मा भाग या गोष्टींवर अवलंबून आहे. अभिनयाबाबत जे लिहितो ते मात्र परिस्थिती कोणतीही असली तरी लागू पडेल.

अशोक सराफ यांचा जन्म ४ जून १९४७ चा, मुंबईतला, आणि बालपण चिखलवाडीतले. त्यांचे मामा गोपीनाथ सावकार हे रंगभूमीवरचे जाणते माणूस, त्यामुळे नाटक घरातच होते. ऐन तारुण्यात त्यांनी वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’मध्ये विदूषकाची भूमिका केली. संगीत नाटकातला विदूषक ही शिकण्याची फार चांगली जागा आहे. तिथे गाणारे नट मोठे असतात, प्रेक्षक पदांसाठी आलेले असतात, आणि विदूषकाला त्या मोठ्यांच्या मधल्या जागेत, त्यांचा आब राखून, आपले काम करावे लागते. समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे, त्याचे गाणे चालू असताना लक्ष स्वतःकडे न ओढणे आणि आपली वेळ आली की नेमकेपणाने बोलून बाजूला होणे, ही शिस्त तिथे आपोआप लागते.

त्याच काळात ते स्टेट बँकेत नोकरी करत होते, आणि ती त्यांनी सुमारे दहा वर्षे केली. १९७० च्या आसपास चित्रपटांत छोटी कामे सुरू झाली, पण महाराष्ट्रभर लोकांनी त्यांना ओळखले ते १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मुळे. म्हणजे मधली वर्षे नाटकाचे प्रयोग, बँक आणि मिळेल ते चित्रपटातले काम अशी गेली. तुम्ही सत्तावीस वर्षांचे आहात आणि उशीर झाला असे तुम्हाला वाटते आहे, म्हणून लक्षात आणून देतो की ‘पांडू हवालदार’ आला तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

‘पांडू हवालदार’कडे नटाच्या नजरेने पुन्हा पाहा. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांचे चित्रपट प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले होते, आणि त्या चित्रपटांची रचना पूर्णपणे दादांभोवती होती. दादा ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून तयार झालेले. प्रेक्षकांशी थेट नाते ठेवणे, शब्दाचे दोन अर्थ हवेत सोडणे आणि निरागस चेहऱ्याने उभे राहणे ही त्यांची ताकद होती. अशा नटाच्या शेजारी दुसऱ्या विनोदी नटाला काय उरते? बहुतेक तरुण नट अशा वेळी स्पर्धा करतात, मोठ्याने बोलतात, हातवारे वाढवतात, आणि दृश्यातून पुसले जातात. अशोक सराफ यांनी आपला वेग वेगळा ठेवला. दादांचे बोलणे ते खरोखर ऐकतात, त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आधी विचार येतो आणि मग शब्द येतात. दादांचा विनोद त्यामुळे आणखी खुलतो आणि त्याच वेळी शेजारचा हा दुसरा हवालदार कोण आहे, याकडे प्रेक्षकाचे लक्ष जाते. समोरच्याचा विनोद मोठा करून स्वतःची जागा मिळवता येते, हे मी माझ्या तालमींत वारंवार सांगतो, आणि त्यासाठी हा चित्रपट मुलांना पाहायला लावतो.

दुसरा टप्पा फारसा कोणी लक्षात घेत नाही, आणि तुमच्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. चित्रपटांत विनोदी नट म्हणून नाव होत असतानाच त्यांनी विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली अनिल बर्वे यांच्या ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकात लुक्का साकारला. नाना पाटेकर, भारती आचरेकर, नीना कुलकर्णी असे सहनट होते. ज्या तालमीत प्रत्येक हालचालीचे कारण विचारले जाते, तिथे एक लोकप्रिय विनोदी नट गंभीर, उग्र माणसाची भूमिका करायला उभा राहिला. टाळ्यांची सवय लागलेल्या नटाने, जिथे टाळी मिळण्याची शक्यता नाही अशा भूमिकेसाठी तालीम करणे, ही शरीराला लागलेल्या सवयी मोडण्याची एकमेव खात्रीची पद्धत आहे. माझ्याकडे विनोदी भूमिकांत तयार झालेला मुलगा आला की त्याला वर्षातून एक तरी गंभीर नाटक करायला लावतो, मग भूमिका दोन प्रवेशांचीच का असेना. त्याने विनोद कमी होत नाही. उलट त्यातला अनावश्यक भाग गळून जातो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण प्रतिक्रिया, टायमिंग हे शब्द सगळेच वापरतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’मधला धनंजय माने आणि घरमालक विश्वास सरपोतदार यांचा प्रसंग तुम्हाला पाठ असेल. मधुमेहाच्या औषधासाठी घेतलेले पैसे परत मागणाऱ्या सरपोतदारांना माने सांगतो की औषध आणणारा मित्र वारला आणि त्याच्याबरोबर ते सत्तर रुपयेही वारले. वसंत सबनीस यांचे लेखन उत्तम आहेच, पण हा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा. माने हसवण्याचा कुठलाही प्रयत्न करत नाही. त्याच्या चेहऱ्यावर दुःख आहे, आणि त्या दुःखाच्या आडून सरपोतदारांना हे पटते आहे की नाही याचा अंदाज तो घेतो आहे. त्याला सत्तर रुपये परत द्यायचे नाहीत, घरही जाऊ द्यायचे नाही, एवढीच त्याची गरज आहे आणि ती त्याने क्षणभरही सोडलेली नाही. तिकडे सुधीर जोशी यांनी सरपोतदारांचा धक्का, संशय आणि संताप इतक्या गांभीर्याने दाखवला आहे की मान्याचे खोटे आपल्याला खोटे म्हणून दिसते आणि तरीही पटते. सरपोतदारांच्या जागी विनोदी चेहरा करणारा नट असता, तर हा प्रसंग पडला असता. म्हणून मी म्हणतो की हा विनोद एकट्या अशोक सराफ यांचा नाही, तो त्या दोघांच्या मध्ये उभा आहे, आणि तो तसा उभा राहू देणे हेच त्यांचे कसब आहे.

याच ठिकाणी रंगभूमी आणि कॅमेरा यांतला फरक सांगायला हवा, कारण तुम्ही आजवर रंगमंचावरच काम केले आहे. नाटकात प्रेक्षक तुम्हाला वेळ शिकवतो. लाफ्टर आला की थांबायचे, तो उतरणीला लागला की, पूर्ण विरण्याआधी, पुढचे वाक्य उचलायचे, हे पंचवीस-तीस प्रयोगांनंतर अंगात भिनते. सेटवर हा शिक्षक नसतो. तिथे प्रकाशयोजनेची माणसे, कॅमेरामन, सहायक सगळे गप्प उभे असतात, कारण ध्वनिमुद्रण चालू असते. नाटकातून आलेला नट त्या शांततेला घाबरतो आणि हशा येत नाही म्हणून अभिनय वाढवत नेतो. दुसरी अडचण अशी की मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकसलग टिपणाऱ्या शॉटमध्ये, तुम्ही जे केले ते क्लोज-अपच्या वेळी, म्हणजे फक्त चेहरा जवळून टिपताना, कदाचित दोन तासांनी, समोरचा नट दमलेला असताना किंवा तिथे नसतानाही, त्याच तीव्रतेने पुन्हा करावे लागते. ज्याचा विनोद ऐनवेळी सुचणाऱ्या गमतीवर उभा आहे त्याचा दुसरा टेक पहिल्यासारखा होत नाही, आणि मग संकलकाच्या हाती जुळणारे तुकडे येत नाहीत. ज्याचा विनोद पात्राच्या गरजेतून आलेला आहे त्याला ती गरज पुन्हा आठवली की पुरते. चित्रपटात दीर्घकाळ टिकलेले विनोदी नट तुम्ही बारकाईने पाहिलेत तर ते या दुसऱ्या प्रकारचे असल्याचे दिसेल.

याचा अर्थ ऐनवेळी काही सुचूच नये असा नाही. १९८५ च्या ‘धूमधडाका’मध्ये पाइप ओढणाऱ्या श्रीमंताच्या सोंगातला त्यांचा तो ठसकेबाज उच्चार आजही लोक एकमेकांना करून दाखवतात. पण तो उच्चार खोटा श्रीमंत बनून आलेल्या, पाइपची सवय नसलेल्या माणसाचा आहे, म्हणून तो चिकटला. अॅडिशन, म्हणजे संहितेत नसलेली पदरची भर, घ्यायची असेल तर ती पात्राच्या तोंडची आहे की आपल्या स्वतःच्या, हे आधी तपासावे, आणि समोरच्या नटाला कळवून मगच घ्यावी. समोरच्याला न सांगता घेतलेली अॅडिशन एकदा हशा मिळवून देते आणि तो नट पुढच्या प्रयोगापासून तुमच्याबरोबर मोकळेपणाने काम करत नाही.

आता शिक्क्याबद्दल. तुमची समजूत अशी दिसते की विनोदी भूमिका जास्त केल्या म्हणून शिक्का बसतो. मी जे पाहिले आहे त्यावरून सांगतो की शिक्का बसतो तो एकाच लकबीचा. अशोक सराफ यांनी ‘गुपचूप गुपचूप’मध्ये गोव्याकडच्या ढंगाने बोलणारे प्राध्यापक धोंड केले, ‘एक डाव भुताचा’मध्ये भूत केले, ‘बनवाबनवी’त परिस्थितीने गांजलेला, पण डोके शाबूत असलेला माने केला. या तिघांची बोलण्याची धाटणी वेगळी आहे, समाजातली पायरी वेगळी आहे, भीती वेगळी आहे. धोंडांना आपली विद्वत्ता जपायची आहे, मान्याला डोक्यावरचे छप्पर जपायचे आहे. विनोदी भूमिकांच्या आतच इतकी विविधता असल्यामुळे ‘चौकट राजा’मधला गणा, ‘वजीर’मधली राजकारणाच्या पार्श्वभूमीवरची भूमिका किंवा पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘भस्म’मधली अत्यंत दाहक भूमिका त्यांच्याकडे द्यावी असे दिग्दर्शकांना वाटले. ‘कळत नकळत’मध्ये तर एक गाणेही त्यांच्याच आवाजात आहे. हे सगळे ऐन लोकप्रियतेच्या काळात, एकीकडे धमाल विनोदी चित्रपट चालू असताना घडले. नंतर हिंदीत ‘करण अर्जुन’मधला मुनशी, ‘हम पाँच’ या मालिकेत पाच मुलींच्या गराड्यात सापडलेला बाप, आणि पुढे २०२२ च्या ‘वेड’मध्ये मुलाच्या काळजीने पोखरलेला बाप, असा प्रवास झाला. ‘वेड’मधले काम पाहताना मला राहून राहून वाटत होते की हे गांभीर्य नव्याने आलेले नाही. मान्याच्या चेहऱ्यावरही तेच गांभीर्य होते, फक्त तेव्हा प्रसंग हसवणारा होता.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही, आणि तो मी आदराने करतो, कारण उत्स्फूर्तता आणि शरीराचा वेग या बाबतींत त्यांच्या तोडीचा विनोदी नट मराठी पडद्यावर दुसरा झाला नाही असे मला वाटते. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत त्यांनी रंगभूमी जवळून पाहिली, ‘टूरटूर’ या नाटकाने त्यांना नाव दिले, ‘धूमधडाका’पासून चित्रपटांत त्यांची मागणी प्रचंड वाढली, आणि १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’नंतर हिंदीतही त्यांना सतत काम मिळाले. पण हिंदीने त्यांना बहुतेक वेळा नायकाचा मित्र किंवा घरातला विश्वासू नोकर एवढ्याच चौकटीत ठेवले. १९९२ मध्ये जब्बार पटेल यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवर केलेल्या ‘एक होता विदूषक’मध्ये त्यांनी आपल्यातला मोठा नट दाखवून दिला. त्या चित्रपटाला तिकीटबारीवर मात्र मोठे यश मिळाले नाही, आणि तशा भूमिका त्यांच्याकडे पुढे फारशा आल्या नाहीत. १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यात काही कमी होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. यातून मी एवढेच घेतो की बाजार नटाकडून पुन्हा पुन्हा तेच मागतो, आणि ते मागणे पुरवता पुरवता दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी जागा राखणे अतिशय गुणी नटालाही सोपे जात नाही. ती जागा सुरुवातीच्या वर्षांतच राखावी लागते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, तुम्ही विनोदी भूमिका करत राहा, पण प्रत्येक भूमिकेत माणूस वेगळा ठेवा, आपल्याहून चांगल्या नटांसमोर उभे राहा, आणि अधूनमधून विनोदाबाहेरचे काम मागून घ्या. हे तुमच्या हातातले आहे. काळ मात्र तुमच्या हातात नाही, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

अशोक सराफ यांची कारकीर्द जशी घडली तशीच्या तशी आज घडणार नाही, कारण तिच्यामागे एक विशिष्ट काळ होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर राज्य सरकारने करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली, त्यामुळे निर्मात्याला एका चित्रपटानंतर दुसऱ्याची जुळवाजुळव करणे सोपे झाले. ऐंशीच्या दशकात महेश कोठारे आणि सचिन पिळगांवकर यांच्यासारखे, नट आणि दिग्दर्शक दोन्ही असलेले तरुण पुढे आले आणि कुटुंबाने एकत्र जाऊन पाहण्याच्या विनोदी चित्रपटांची मोठी लाट आली. तेच चार-पाच नट, तेच लेखक, तेच तंत्रज्ञ वर्षानुवर्षे एकमेकांबरोबर काम करत होते. सहनटाच्या श्वासाची लय ओळखण्याइतका सहवास त्यांना मिळाला. आज एखाद्या चित्रपटाचे चित्रीकरण महिन्याभरात उरकते आणि पुन्हा त्या माणसांची गाठ कधी पडेल हे सांगता येत नाही.

पण तसा सहवास आज दुसऱ्या ठिकाणी मिळतो, आणि म्हणूनच तुम्हाला आलेली विचारणा मी हलक्यात घेणार नाही. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झाले, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये. या कार्यक्रमांनी नटांच्या टोळ्या वर्षानुवर्षे एकत्र ठेवल्या. दर आठवड्याला नवे स्किट, नवे पात्र, तेच सहनट. भाऊ कदम किंवा समीर चौघुले हे घराघरांत पोचले तेव्हा त्यांच्यामागे रंगभूमीवरची बरीच वर्षे होती, हे मात्र विसरू नका. भरत जाधव यांचे उदाहरणही तसेच आहे. २००२ मध्ये ‘सही रे सही’ने त्यांना जे दिले, ते एका नाटकात अनेक माणसे उभी करण्याच्या तयारीतून आले होते. छोट्या पडद्यावरच्या स्किटचा धोका असा की आठवड्याच्या घाईत नवे पात्र शोधायला वेळ नसतो, आणि मागच्या वेळी ज्या उच्चाराला हशा आला तोच पुन्हा काढण्याचा मोह होतो. वाहिनीलाही तेच हवे असते. तुमच्या ‘मला काही करावेच लागत नाही’ या सवयीला तिथे खतपाणी मिळेल, ही माझी खरी काळजी आहे.

नोकरीबद्दल माझे मत असे आहे की आजच्या क्षणी ती सोडू नका. मराठीतल्या मोठ्या विनोदी नटांनी नोकरीला कमी लेखले नाही. दादा कोंडके यांनी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केली. राजा गोसावी पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकत होते आणि त्याच काळात ‘लाखाची गोष्ट’चे नायक होते. बेर्डे आणि सराफ यांच्या नोकऱ्यांचा उल्लेख वर आलाच आहे. नोकरीचा फायदा केवळ पगाराचा नसतो. दरमहा खात्यात पैसे येणाऱ्या नटाला वाईट काम नाकारता येते, आणि सुरुवातीच्या पाच वर्षांत काय नाकारले यावर पुढे काय मिळते ते बरेचसे ठरते. मालिका आणि वाहिनीवरचे कार्यक्रम यांचे मानधन साधारणपणे काम झाल्यानंतर नव्वद दिवसांनी हाती येते, क्वचित त्याहून उशिरा. नाटकात नाइट, म्हणजे प्रयोगाचे मानधन, त्याच दिवशी मिळते, पण प्रयोग लागले तरच. म्हणजे आज नोकरी सोडलीत तर पहिले चार महिने काम करूनही घरात पैसा येणार नाही, आणि पाचव्या महिन्यात कार्यक्रम बंद झाला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. घरखर्चाला वर्षभर पुरेल एवढी शिल्लक आणि सलग कामाची लेखी हमी या दोन्ही गोष्टी हाती आल्याशिवाय राजीनाम्याचा विचार करू नये. घरात दुसरे कमावणारे कोणी असेल तर ही अट थोडी सैल करता येईल. कर्ज असेल तर अजिबात नाही.

दुसरा व्यावहारिक मुद्दा असा की बँकेच्या सेवाशर्तींत बाहेरचे मानधनाचे काम करण्यासाठी बहुधा पूर्वपरवानगी लागते. ती तोंडी गृहीत धरू नका, लेखी अर्ज करा. सांस्कृतिक कामासाठी अशी परवानगी मिळाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि न विचारता टीव्हीवर दिसल्यामुळे अडचणीत आलेले नटही पाहिले आहेत.

वाहिनीकडून आलेल्या विचारणेला उत्तर देण्यापूर्वी निर्मात्याकडून काही गोष्टी लेखी समजून घ्या. महिन्यात चित्रीकरणाचे दिवस किती आणि ते सलग असतात का, हे सर्वांत आधी विचारा; महिन्यातून एकदा सलग चार-पाच दिवस चित्रीकरण असेल तर रजा आणि सुट्ट्या जुळवून काही काळ नोकरी सांभाळता येईल. करार चालू असताना नाटक आणि चित्रपट करण्याची मुभा आहे का ते पाहा. ती नसेल तर, कार्यक्रम कितीही लोकप्रिय असो, मी नाही म्हणण्याचा सल्ला देईन, कारण तुमच्या आत्ताच्या टप्प्यावर नाटक थांबणे तुम्हाला परवडणारे नाही. स्किट कोण लिहितो, दिग्दर्शन कोण करतो, तालमीला किती वेळ मिळतो आणि तुमच्या गटात कोण नट आहेत, हेही विचारा. त्यांतला एक जरी तुमच्याहून बराच अनुभवी असेल आणि तालमीला निदान दोन दिवस मिळत असतील, तर मानधन थोडे कमी असले तरी होकार द्या.

होकार दिलात तर पहिल्याच स्किटपासून एक गोष्ट पाळा. संहिता हातात आली की आपल्या वाक्यांखाली रेघा मारण्याऐवजी समोरच्याची वाक्ये पाठ करा, आणि प्रत्येक वाक्याला तुमच्या पात्राला काय वाटते ते समासात लिहा. यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी तुमच्या संस्थेचे नाटक अजून ठरले नसेल, तर दिग्दर्शकाकडे विनोद नसलेली भूमिका मागा. बँकेकडून परवानगीचे उत्तर आले आणि कराराचा मसुदा हाती पडला की त्यातल्या मुभेच्या आणि मानधनाच्या अटी इथे लिहा. रक्कम सांगण्याची गरज नाही, अटींची शब्दरचना पाहूनही पुष्कळ सांगता येईल.